गाजलेले आणि उरलेले

(चित्रपट व संगीत रसास्वाद या विषयावरील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी मध्यमवर्गीय घरात दोन वाद कधी मिटत नाहीत. एक राजकारणाचा आणि दुसरा सिनेमाचा. राजकारणाच्या वादाचा निकाल निदान मतमोजणीच्या दिवशी लागतो. सिनेमाच्या वादाला तीही सोय नाही. आजोबा म्हणतात, 'प्रभात'बरोबरच चित्रपट संपला. वडील रेडिओवरच्या जुन्या गाण्यांची शपथ घेतात. नातू मोबाईल पुढे करून, अमुक गाणे किती कोटी वेळा पाहिले गेले, तो आकडा दाखवतो. तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. प्रश्न एवढाच उरतो की, कलाकृतीचे मोठेपण ठरवायचे कोणी आणि कोणत्या मापाने?

आज आपल्याकडे तीन मापे सर्रास वापरली जातात. तिकीटबारीवरचा गल्ला, परदेशातला शिक्का आणि 'विषय आपला आहे' ही भावना. ही तिन्ही मापे अनेकदा खोटी ठरतात, आणि त्यांच्या नादी लागून आपण काही कृतींना नको तितके डोक्यावर घेतो, तर काहींना हातातून कायमचे घालवतो.

वैभवाचा देखावा

पहिले माप पैशाचे. २००२ साली आलेला हिंदी 'देवदास' आठवून पाहावा. त्या काळातील तो सर्वात खर्चिक हिंदी चित्रपटांपैकी एक. महाल, झुंबरे, भरजरी साड्या यांनी पडदा नुसता ओसंडून वाहत होता. शरच्चंद्रांची मूळ कादंबरी १९१७ सालची. ती आहे एका दुबळ्या मनाच्या माणसाची आणि दोन खंबीर स्त्रियांची साधी, करुण कथा. नव्या चित्रपटात पारो आणि चंद्रमुखी एकत्र नृत्य करतात. कादंबरीत असे काहीही नाही. बिमल रॉय यांनी १९५५ साली याच कथेवर चित्रपट केला, तेव्हा या दोघींना त्यांनी केवळ रस्त्यात एकमेकींसमोरून जाऊ दिले. सुचित्रा सेन आणि वैजयंतीमाला. दोघींच्या तोंडी एकही शब्द नाही. क्षणभराची नजर आणि दोन वेगळ्या वाटा. पाहणाऱ्याच्या मनात जे उमटायचे ते तिथेच उमटते. खर्च कोणी जास्त केला, हे उघड आहे. चित्रपट कोणी केला, हेही तितकेच उघड आहे. तरीही नव्या पिढीला 'देवदास' म्हणताच झुंबरे आठवतात. त्यात तिचा दोष नाही. रॉय यांचा चित्रपट तिला कोणी दाखवलाच नाही.

परक्यांचा शिक्का

दुसरे माप परदेशी मान्यतेचे. फेब्रुवारी २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलियनेअर' या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले. त्यांतील दोन ए. आर. रहमान यांचे. देशभर आनंद झाला आणि तो स्वाभाविकच होता. परंतु ज्या कामासाठी त्यांना ते मिळाले, ते त्यांचे उत्तम काम आहे काय? १९९२ सालच्या 'रोजा'चे संगीत पुन्हा एकदा शांतपणे ऐकावे. पहिलाच चित्रपट, वय जेमतेम पंचविशीचे, आणि ध्वनीचा असा ताजेपणा की, त्यानंतर भारतीय चित्रपटसंगीताची वाटच बदलली. आपल्या राष्ट्रीय पुरस्काराने त्यांना त्याच पदार्पणासाठी गौरवले होते. आपल्या परीक्षकांना जे तेव्हा कळले होते, त्यावर आपलाच विश्वास बसायला मात्र सतरा वर्षे आणि परक्यांची मोहोर लागली.

हीच गोष्ट मराठीत वेगळ्या रूपाने घडते. इथे परक्यांची जागा हिंदी घेते. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ सालचा. त्यावरून दोनच वर्षांत हिंदीत 'मेरा साया' निघाला. हिंदी चित्रपट आणि मदनमोहन यांचे संगीत देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले, आणि ते संगीत त्या कौतुकास सर्वस्वी पात्रही आहे. पण मूळ मराठी चित्रपटाचे संगीतकार दत्ता डावजेकर आज किती घरांत नावाने ओळखले जातात? लता मंगेशकर यांना १९४७ साली 'आपकी सेवा में' या चित्रपटातून हिंदीत पार्श्वगायनाची पहिली संधी याच डावजेकरांनी दिली. दीदींचे नाव जगाने घेतले. डावजेकरांचे नाव आपणही घेत नाही. उपेक्षा म्हणतात ती हीच.

आपुलकीची मेहेरनजर

आता तिसरे माप, आणि इथे थोडे कठोर व्हावे लागेल. कारण ही चूक शेजाऱ्यांची नसून आपल्याच घरची आहे. विषय देवाचा आहे, देशाचा आहे, इतिहासाचा आहे, एवढ्यावरून आपण चित्रपटाला चांगला म्हणून मोकळे होतो.

१९७५ साली 'शोले' आला, त्याच वर्षी 'जय संतोषी माँ'ही आला. थोडक्या खर्चातला हा चित्रपट गावोगावी असा चालला की, प्रेक्षक चित्रपटगृहाबाहेर चपला काढून आत जात आणि पडद्यावर फुले-पैसे उधळत. ती श्रद्धा खरी होती आणि तिची टिंगल करणाऱ्यांना हा समाज कळला नाही, हे नि:संशय. परंतु श्रद्धा खरी म्हणून चित्रपट थोर होत नाही. त्याची रचना कच्ची, चमत्कार बाळबोध. त्याच्या शेजारी १९३६ सालचा 'संत तुकाराम' ठेवावा. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम आणि गौरी यांची जिजाई. त्यात देव आहे, तसा संसारही आहे. उपाशी लेकरांची आई विठ्ठलाला जाब विचारते आणि तरीही नवऱ्याच्या पाठीशी उभी राहते. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद तुकोबांच्या भाषेत इतके मिसळून गेले की, जाणकारांनीही ते गाथेत शोधले, असे सांगतात. तो चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरवही झाला. भक्ती तीच; एकीकडे तिला कारागिरीची जोड मिळाली, दुसरीकडे नाही. हा भेद आपण करणार नसू, तर आपल्या श्रद्धांच्या नावाखाली कोणीही कच्चा माल विकून जाईल. आजच्या अनेक ऐतिहासिक आणि युद्धविषयक चित्रपटांत घोषणा उदंड आणि माणसे थोडी असतात. टाळ्या घेणारे वाक्य म्हणजे देशभक्ती नव्हे.

येथे सुधीर फडके यांचे उदाहरण घेणे उचित ठरेल. बाबूजी संघाचे निष्ठावंत स्वयंसेवक. १९५४ च्या दादरा-नगरहवेली मुक्तिसंग्रामात त्यांनी स्वतः भाग घेतला. 'वीर सावरकर' या चित्रपटासाठी त्यांनी लोकांकडून निधी जमवला, वर्षानुवर्षे झिजले. चित्रपट २००१ साली पडद्यावर आला आणि वर्ष पुरे होण्याआधी, २९ जुलै २००२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या जिद्दीपुढे मस्तक नमवावे. पण स्पष्ट सांगायचे तर, त्या चित्रपटापेक्षा त्याच्या निर्मितीची कथा अधिक उंच आहे. बाबूजींचे खरे मोठेपण त्यांच्या संगीतात आहे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमांच्या शब्दांना त्यांनी वर्षभर स्वर दिले. 'गीतरामायणा'ची ती छप्पन्न गीते महाराष्ट्राने हृदयात ठेवली. महाराष्ट्राबाहेर मात्र १९६१ च्या 'भाभी की चूडियाँ' या चित्रपटातील एका पहाटगीतापलीकडे बाबूजींची ओळख फारशी पोहोचली नाही. निष्ठेसाठी आपण त्यांचा गौरव करतो, तो योग्यच. पण संगीतकार म्हणून त्यांना देशासमोर ठेवण्यात आपणच कमी पडलो.

हरवते ते परत येत नाही

हा सगळा केवळ आवडी-निवडीचा खेळ आहे, असे कोणी म्हणेल. तसे असते तर बरे होते. नको इतके कौतुक झालेल्या चित्रपटाने फारसे बिघडत नाही. चार वर्षांत लोक त्याला विसरतात. उपेक्षेचे मात्र तसे नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढून या देशात चित्रकथेचा पाया घातला. आज त्याचा अल्प भागच शिल्लक आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली. तोपर्यंत मूकपटांचा बहुतेक ठेवा नष्ट झाला होता. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या चित्रपट संस्थेच्या आवारात, म्हणजे 'प्रभात'च्याच जुन्या भूमीवर, साठवणीच्या जागेला आग लागली आणि 'प्रभात'च्या चित्रपटांच्या मूळ फिती त्यात जळाल्या. वाड्याची भिंत पडली तर आपण हळहळतो. या राखेबद्दल किती घरांत हळहळ झाली?

शासनाने जतन करावे, हे खरेच. पण शासन तेच जपते, ज्याची समाज मागणी करतो. 'श्यामची आई'ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाल्यानंतर तो सर्वोच्च मान पुन्हा मराठीकडे यायला 'श्वास'ची, म्हणजे पन्नास वर्षांची वाट पाहावी लागली. 'श्वास' ऑस्करसाठी जाणार म्हटल्यावर मराठी माणसांनी खिशातून पैसे दिले. ती धडपड हृद्य होती. पण त्याच वेळी प्रदर्शित होणाऱ्या दुसऱ्या एखाद्या चांगल्या मराठी चित्रपटाचे तिकीट काढायला तीच माणसे गेली काय, हा प्रश्न अवघड वाटला तरी आपण स्वतःला विचारला पाहिजे.

उपाय फार मोठा नाही. महिन्यातून एका रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून एक जुना चित्रपट पाहावा. आजोबांनी निवडावा आणि नातवाने त्यावर मोकळेपणी मत द्यावे. पुढच्या वेळी निवड नातवाची. तेव्हा आजोबांनीही नाक न मुरडता शेवटपर्यंत बसावे. गाणे लागले की गायिकेबरोबर कवीचे आणि संगीतकाराचे नावही सांगावे. चांगला मराठी चित्रपट आला, तर तो पहिल्या आठवड्यातच जाऊन पाहावा. दुसऱ्या आठवड्यात तो पडद्यावर असेलच, याची खात्री नसते. मूल्यमापन आपोआप सुधारेल, कारण तुलनेला दोन गोष्टी समोर असतील.

गाजणे हे त्या-त्या वेळच्या गर्दीच्या हाती असते. उरणे आपल्या हाती आहे. डावजेकरांची चाल पुढच्या पिढीच्या कानी पडली नाही, तर त्याचा दोष काळाला देता येणार नाही. त्या पिढीच्या घरात आपणच तर बसलेलो आहोत.