दोन कळशी पाणी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'मैत्रीभावना' हा विषय दिला आहे. आम्ही काही विद्वान नाही. तेव्हा ग्रंथातली मैत्री भंतेजी सांगतील, आम्ही आमच्या गल्लीतली सांगतो. त्यात आमची चूक आहे, तीही सांगतो. विहारात उभे राहून खोटे बोलून कसे चालेल?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. डिसेंबरचा शेवटचा रविवार होता. आमच्या कालकथित आईच्या पहिल्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरी ठेवला होता. आपली पाचगणी सव्वाचार हजार फुटांवर. त्या दिवसांत टेबल लँडवरून सुटणारा पहाटेचा वारा हाडात कसा शिरतो, हे तुम्हाला सांगायला नको. चाळीस माणसांचे भोजन होते. पाहुणे वाई-साताऱ्याकडून पसरणी घाट चढून येणार होते आणि भंतेजी साडेदहाला.

पहाटे पाचला चहा ठेवला आणि गॅस संपला. दुसरी टाकी आणून ठेवायची आम्ही विसरलो होतो. मागे जाऊन बघतो तर पाण्याचा ड्रम रिकामा! रात्री मुलाकडून खालची तोटी अर्धवट उघडी राहिली होती. तेवढ्यात निरोप आला की, स्वयंपाकाला येणाऱ्या बाई तापाने फणफणल्या आहेत. चूल पेटवावी म्हटलं तर अंगणातली लाकडे दवाने भिजलेली. नुसता धूर!

मग काय, आमचे डोके फिरले. मुलावर हात उगारला. घरातल्या मंडळींना नको ते बोललो. आईच्या फोटोसमोर, हार घालायच्या आधी, आम्ही आरडाओरडा केला. मंडळी तांदळाचे सूप मांडीवर तसेच ठेवून डोळे पुसत बसल्या. पंचशील घ्यायचा दिवस, आणि घरात ही अवस्था.

तेवढ्यात मागच्या दाराशी कळशी टेकल्याचा आवाज झाला. बघतो तर पलीकडच्या भाभी. दोन कळशा पाणी घेऊन उभ्या.

आता मधली गोष्ट सांगायला पाहिजे. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा पाइप फुटला होता. पाण्याची ओढाताण चालू होती. भाभी आमच्या दारात दोन कळशा घेऊन आल्या होत्या. आम्ही म्हणालो, "आमचंच भागत नाही," आणि दार लावून घेतले. ड्रम तेव्हा भरलेला होता. त्या दिवसापासून दोन्ही घरांत अबोला होता. सात महिने! आई असती तर हे घडलेच नसते.

आणि त्याच भाभी पाणी घेऊन आल्या होत्या. आम्हाला शब्द फुटेना. त्या आमच्याकडे न बघता मंडळींना म्हणाल्या, "वहिनी, उठा. आईंनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत शेकशेगडी केली. त्यांचं जेवण मी अडू देईन होय?" त्यांच्या मुलाने पाइप जोडून ड्रम भरायला लावला.

आवाज ऐकून वरच्या आळीच्या आक्का आल्या. धूर बघून म्हणाल्या, "आरं, वली लाकडं कशाला घालताय? माज्या वळचणीला वाळकी हायती, पोरास्नी पाठवा." शेण्या आल्या, लाकडे आली, मोठे पातेले आले. कोणी कांदा चिरला, कोणी वांगी. आमच्या मुलाने न सांगता जाळ घातला. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला, पण कुणी उपाशी गेले नाही. भाभी आणि आक्का मागच्या ओळीत बसल्या होत्या. पुण्य वाटून दिले तेव्हा त्यांचेही हात जोडलेले होते.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. दर 14 एप्रिलला आपण मुलांना मसूर स्टेशनची हकिकत सांगतो. 1901 साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले होते. मसूरला उतरल्यावर जात कळली आणि गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकाची गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची. जवळ डबा भरलेला होता, पण वाटेत कुणी पाणी दिले नाही. मुले रात्रभर तशीच उपाशी राहिली. ही आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. त्याच आठवणीत बाबासाहेबांनी आणखी एक लिहून ठेवले आहे. वडील नोकरीवर गेले तेव्हा मुलांना आत्याच्या आणि काही दयाळू शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून गेले होते. पाणी नाकारणारे त्यांनी लिहिले, आणि सांभाळणारे शेजारीही लिहिले.

ही हकिकत आम्ही किती वेळा सांगितली असेल! आणि मे महिन्यात दारात उभ्या बाईला पाणी नाकारणारे कोण? आम्हीच. जातीने नाही नाकारले, स्वार्थाने नाकारले. पण तहानेला त्याचा काय फरक?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाभींच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पाण्याचं काय दादा, ते आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं." तेव्हापासून दोन्ही घरांच्या भिंतीवरून एक पाइप कायमचा टाकलेला आहे.

बंधुभगिनींनो, दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही आपली पाचगणी. 1860 च्या दशकात जॉन चेसन यांनी ती वसवायला घेतली, तेव्हा शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले असे नाना धंद्यांचे लोक येथे येऊन राहिले. म्हणजे हे गावच मुळात शेजाऱ्यांचे. येथे कुणाचे एकट्याने भागलेले नाही आणि भागणारही नाही.

मैत्रीभावना डोळे मिटून करायची असते, हे खरे. पण डोळे उघडल्यावर समोर जो शेजारी दिसतो, तिथे तिची परीक्षा होते. आम्ही त्या परीक्षेत नापास झालो होतो. भाभींनी आम्हाला पुन्हा बसू दिले.

शेवटी समितीला एक विनंती. विहाराच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या बाजूला, एक नळ बसवावा. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही, न विचारता, पाणी प्यावे. त्याचा खर्च आईच्या स्मरणार्थ आमचे कुटुंब देईल.

एवढे बोलून आम्ही थांबतो. नमो बुद्धाय! जयभीम!