शाळेची घंटा आणि घरातली निजानीज

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने एक निर्णय काढला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी दोनच महिन्यांपूर्वी सुचवले होते. त्यावर तक्रारीही आल्या. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी जादा वर्गखोल्या कुठून आणायच्या? कामावर निघणाऱ्या आईवडिलांनी मुलाला कोणाकडे सोपवायचे?

अडचणी खऱ्याच. पण श्रोतेहो, हिशेबही खरा आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. सातच्या शाळेसाठी सहाला उठवायचे, तर त्याला नऊला गाढ झोप लागलेली हवी. मुंबईत कित्येक घरांत त्या वेळी वडील लोकलमधून उतरत असतात. मग जेवणे, आवराआवर, टीव्ही. निजानीज होईपर्यंत अकरा.

गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक सर्वाधिक स्रवते. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के होते तेही झोपेतच. त्यामुळे रात्रीची तूट ‘चल, ऊठ’ म्हणून भरून निघत नाही.

मोठ्यांनाही किमान सात तास हवेत. संध्याकाळी उशिरा घेतलेल्या चहातले कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मे अंगात असते. मोबाइलचा उजेड डोळ्यांवर पडत राहिला की झोपेची वेळ कळवणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. घरातले मोठे जागे, दिवे लख्ख. अशा घरात एकट्या मुलाला ‘झोप’ म्हणणे हा त्याच्यावर अन्यायच.

या निर्णयाचे स्वागत करताना एक उणीव मात्र ठासून सांगायला हवी. तो चौथीशी थांबतो. वयात येताना मेलाटोनिन आपोआपच उशिरा स्रवू लागते. त्यामुळे आठवी-नववीतले मूल रात्री जागते ते केवळ हट्टाने नव्हे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या माध्यमिक शाळांची वेळ २०१६ मध्ये ७.५० वरून ८.४५ करण्यात आली. मनगटावरच्या यंत्रांनी झोप मोजली, तेव्हा मुले आधीपेक्षा सुमारे ३४ मिनिटे जास्त झोपत असल्याचे दिसले. कॅलिफोर्नियाने तर २०१९ मध्ये तसा कायदाच केला. आपल्याकडे सकाळच्या सत्रातली नववी-दहावीची मुले मात्र अजूनही सातच्या घंटेला धावताहेत आणि शाळा सुटल्यावर क्लास गाठताहेत. चौथीच्या मुलांसाठी झाला तो विचार त्यांच्यासाठीही व्हावा.