मांडीच्या हाडांतील पाचर

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. कटीच्या हाडांत एक खोलगट वाटी असते व मांडीच्या हाडाचा गोल माथा तींत फिरतो. वार्धक्यामुळें वा रोगामुळें त्यांवरील गुळगुळीत कूर्चा झिजली, म्हणजे हाडावर हाड घासूं लागतें. मग जिना चढणें दूरच राहिलें, रात्रीं कूस पालटणेंही दुःसह होतें.

अशा सांध्याच्या जागीं कृत्रिम सांधा बसविण्याच्या विद्येस इंग्लंडांत लँकेशायर परगण्यांतील रायटिंग्टन येथें जॉन चार्नली या शल्यवैद्यांनीं स्थैर्य आणलें. त्यांची पहिली वाटी टेफ्लॉनची होती. ती थोड्याच वर्षांत झिजली व तिच्या कणांनीं भोंवतालचे स्नायुजाल बिघडविले. ते कण चार्नली यांनीं स्वतःच्या मांडींत घालून परिणाम पाहिला, यावरून या गृहस्थांची चिकाटी ध्यानांत यावी. १९६२ सालीं त्यांनीं पॉलिएथिलीनची वाटी घेतली. गोळ्याचा व्यास सुमारें २२ मिलिमीटरच ठेवला, कारण गोळा जितका लहान तितका घर्षणाचा पीळ कमी. धातूचा दांडा मांडीच्या पोकळ हाडांत ॲक्रिलिक सिमेंटानें बसविला. हें सिमेंट सरसाप्रमाणें चिकटवीत नाहीं. गवंडी दगडांच्या फटींत चुना भरतो, तसें तें फटी भरून भार वांटून देतें.

आतां हा दांडा सिमेंटांत कसा राहावा? अचल राहावा, हेंच उत्तर कोणासही सुचेल. परंतु एक्सेटर येथें शल्यवैद्य रॉबिन लिंग व अभियंते क्लाइव्ह ली यांनीं १९७० सालीं जो दांडा प्रचारांत आणला, तो खालीं निमुळता, बिनकंगोऱ्याचा व आरशासारखा घोटलेला होता. तो सिमेंटांत मिलिमीटर-दीड मिलिमीटर खालीं सरके. क्ष-किरणांच्या चित्रांत हें सरकणें पाहून, सांधा निकामी होऊं लागला अशी शंका कोणासही यावी. पण रुग्ण सुखानें चालत असत.

पुढें १९७६ सालीं दांड्याच्या घडणींत फेरफार करतांना त्याची झिलई गेली व पृष्ठभाग किंचित् खरखरीत झाला. एवढ्याशा गोष्टीनें काय व्हावयाचें आहे, अशी त्या काळीं समजूत होती. परिणाम मात्र वर्षें लोटल्यावर दिसला. पूर्वींच्या मानानें अधिक दांडे सैल होऊं लागले. सैल दांडा म्हणजे वृद्ध रुग्णाच्या नशिबीं दुसरी शस्त्रक्रिया, आणि तीही अगोदरच खंगलेल्या हाडावर.

कारण शोधतां जें उमगलें, तें आपल्याकडील कोणत्याही सुताराला नवीन वाटूं नये. कुऱ्हाडीच्या दांड्यांत ठोकलेली पाचर जितकी आंत जाते, तितकी घट्ट बसते. घोटलेला दांडा तसाच. सिमेंट सतत भाराखालीं अत्यंत मंदपणें दबतें, दांडा त्यांत किंचित् उतरतो व पुनः आवळला जातो. खरखरीत दांड्यास असें सुखानें उतरतां येत नाहीं. तो प्रत्येक पावलागणिक सूक्ष्म हालतो, कानशीप्रमाणें सिमेंट घासतो, आणि तो चुरा हाडास पोखरतो. १९८६ सालीं एक्सेटरचा दांडा पुनः घोटलेला झाला. मधल्या दहा वर्षांत ज्यांच्या मांडींत खरखरीत दांडा गेला, त्यांना मात्र या शोधाचा उपयोग नव्हता.

यावरून खरखरीतपणा सर्वत्र त्याज्य, असें कोणी समजूं नये. सिमेंटावांचून बसविण्याच्या दांड्यांचा पृष्ठभाग मुद्दामच सच्छिद्र वा खरखरीत ठेवतात, कारण तेथें हाड वाढून त्यास धरून ठेवावें अशी अपेक्षा असते. तेथें झिलईच घातक ठरेल. दांड्याला सरकूं द्यावयाचें कीं जखडावयाचें, हें अगोदर ठरलें पाहिजे.

स्वीडनमध्यें १९७९ सालापासून खुब्याच्या शस्त्रक्रियांची देशव्यापी नोंद ठेवली जाते, व कोणता दांडा किती वर्षें टिकला तें तींतून कळतें. ज्या घरीं वडील मंडळींवर ही शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, त्यांनीं दांडा सिमेंटाचा कीं बिनसिमेंटाचा, आणि नेमक्या त्याच घडणीचा किती वर्षांचा अनुभव नोंदला गेला आहे, हें शल्यवैद्यांस नि:संकोचपणें विचारावें.