हुकावर किती आलं?



हौदा मिळाला म्हणजे ट्रेलर झाला, असं समजणाऱ्या पोरांसाठी आजचं हे बोलणं आहे. मोडीत निघालेली पिकअप घ्यायची, केबिनच्या मागून चासी कापायची, पुढं दांडी जोडायची, वर तंबू, मागच्या फळक्याला शेगडी, की निघाले सडावाघापूरच्या पठारावर मुक्कामाला. हौस चांगली आहे. आपल्या कराड भागात ती भागवणं अवघडही नाही. उसाच्या ट्रॉल्या बांधून बांधून इथल्या फॅब्रिकेशनवाल्यांचे हात तयार झालेत. चॅनेल, पाटे, हब, बेअरिंग, सगळं ओळखीचं. म्हणून चासी कशी कापावी आणि वेल्डिंगची कांडी कुठली घ्यावी यात मी शिरतच नाही. तुम्हाला येतं ते. मला विचारायचंय एवढंच, की ट्रेलर तयार झाला, सामान भरलं, मग हुकावर किती वजन आलं ते कुणी मोजलं का?

नाही ना मोजलं? मोजत नाहीतच.

घरात बैलगाडी होती त्यांना हे समजवायला लागणार नाही. गाडीत पोती भरताना म्हातारी माणसं दर दोन पोत्यांनी पुढं येऊन जू हातानं उचलून बघायची. आखाच्या मागं भार जास्त झाला की गाडी उलाळ. मग जू वर उठतं, बैलांच्या गळ्याला पट्टे आवळतात, आणि चढावर तर बैल पुढून उचलल्यासारखे होतात. भार पुढं जास्त झाला तर जू मानेत रुततं, खांदे येतात. म्हणून भार असा लावायचा की जुवाला थोडं दाबून राहिलं पाहिजे, पण मान मोडता कामा नये. शहाणा गाडीवान चढ लागला की जुवाकडं सरकून बसायचा, उतार लागला की मागं. तो नुसता बसायची जागा बदलत नव्हता, गाडी तोलत होता. तुमच्या ट्रेलरमध्ये कोण बसलंय पुढं-मागं सरकायला? कुणी नाही. म्हणून तोल निघायच्या आधी, घरीच साधायला हवा.

आता आकडा सांगतो, लिहून घ्या. ट्रेलरचं भरलेलं वजन जे असेल, त्याच्या शेकडा १० ते १५ भार हुकावर यायला हवा. सगळं मिळून ६०० किलो भरलं, तर हुकावर ६० ते ९० किलो. त्याहून कमी आलं, तर मागची गाडी शेपूट हलवायला लागते. आधी थोडी डावीकडं, मग उजवीकडं, मग प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, आणि शेवटी ती पुढच्या गाडीलाही आडवी घेऊन जाते. त्याहून फार जास्त आलं, तर पुढच्या गाडीचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. तुमच्या जीपच्या हुकाला किती भार चालतो, हे गाडीच्या पुस्तकात बघा. त्याच्या वर जायचं नाही, मग माझा १५ चा आकडा काहीही म्हणो.

तुम्ही म्हणाल, काका, आमच्या कारागिरानं शेकड्यानं ट्रॉल्या काढल्या, एकही हलली नाही. बरोबर आहे, आणि घोळ नेमका तिथंच आहे. उसाची चार चाकांची ट्रॉली आपलं वजन आपल्याच चाकांवर घेते, हुकावर ती फक्त ओढली जाते. शिवाय ती ट्रॅक्टरच्या मागं, ट्रॅक्टरच्या चालीनं जाते. शेपूट हलण्याचा रोग वेगाबरोबर वाढतो. कृष्णा किंवा सह्याद्री कारखान्याच्या रस्त्यावर जे कधी दिसणार नाही, ते महामार्गावर जीप ७०-८० नं पळायला लागली की दिसतं. म्हणजे ट्रॉल्यांचा सगळा अनुभव इथं उपयोगी पडतो, पण नेमका तोलाच्या बाबतीत तो माणसाला गाफील ठेवतो. हे मी पुन्हा सांगेन, कारण हे ऐकून न ऐकल्यासारखं करणारे पुष्कळ आहेत.

पिकअपच्या हौद्याची आणखी एक गंमत असते. पिकअप होती तेव्हा पुढं इंजिन होतं, केबिन होती. एक्सलच्या मागं थोडं जास्त भरलं तरी ते सगळं लोखंड पुढून दाबून धरत होतं. तुम्ही केबिन कापलीत, तो दाब गेला. एक्सल आहे तिथंच राहिला, साधारण हौद्याच्या मध्याजवळ. वर आपण काय करतो? स्वयंपाकाचं सामान मागच्या फळक्याशी, कारण तिथं उभं राहून चहा करायचा असतो. स्टेपनी मागं टांगायची, कारण तशी ऐटीत दिसते. पाण्याची टाकीही मागं, कारण शेगडीजवळ नळ हवा. १०० लिटर पाणी म्हणजे एक क्विंटल वजन, मंडळी! झाली गाडी उलाळ.

उपाय दोन आहेत. एक, पाट्यांचे हँगर काही इंच मागं सरकवून एक्सल मध्याच्या मागं न्यायचा, म्हणजे शंभरातले साठ भाग ओझं एक्सलच्या पुढं येतं आणि चाळीस मागं. दोन, पाणी एक्सलच्या वर किंवा किंचित पुढं ठेवायचं. पाणी वापरलं जातं, टाकी रिकामी होते, म्हणून ते जितकं एक्सलजवळ तितका तोल कमी बिघडतो. शेगडी मागं राहू द्या, तिला वजन नाही. गॅसची टाकी मात्र पुढं दांडीवर, उघड्यावर, पट्ट्यानं बांधून.

मोजायचं कसं, तेही सांगतो. महागडं यंत्र लागत नाही. ट्रेलर भरून वजनकाट्यावर न्या, सगळ्या वजनाची पावती घ्या. मग सपाट जागी चाकांना दगड लावा आणि धान्याच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा दांडीच्या टोकाखाली ठेवा. मध्ये लाकडाचा ठोकळा असा घाला, की दांडी जीपच्या हुकाच्याच उंचीला येईल. उंची चुकली की आकडा चुकतो. ट्रेलर नाक वर करून उभा केला तर भार मागं जातो, नाक खाली घातलं तर पुढं येतो. दोन्ही आकडे मांडा आणि भागाकार करा. पाचवीतलं गणित आहे. आणि तंबू, गाद्या, भांडी, पाणी, सगळं भरून. रिकाम्या ट्रेलरचा तोल बघून काय करायचंय?

बरं, आता थोडं पाट्यांबद्दल. पिकअपचे पाटे टनभराहून जास्त माल वाहायला केलेले असतात. त्यांच्यावर पाचसहाशे किलो टाकलं तर ट्रेलर खड्ड्याखड्ड्याला उड्या मारतो, आत अंडीच काय, स्टीलचे डबेही चेपतात. एकदोन पाटे काढून टाका, पण मुख्य पाट्याला हात लावू नका. मागच्या एक्सलमधला डिफरन्शियल नुसतंच वजन आहे, म्हणून पोरं तो काढायला जातात. चाक हाफ शाफ्टवरच बसत असेल, तर शाफ्ट निघाला की चाकही निघालं, हे आधी बघा. पाटे कमी केलेत, स्टेपनी हलवलीत, एक्सलचं काम केलंत, की पुन्हा काट्यावर. पुन्हा!

दांडी नुसती हौद्याच्या पुढच्या आडव्या चॅनेलला चिकटवू नका. दोन्ही बाजूंचे चॅनेल चासीखालून पार पाट्याच्या पुढच्या हँगरपर्यंत न्या आणि तिथं बांधा. चासीच्या चॅनेलच्या कडेवर आडवा वेल्ड मारायचा नाही. भेग तिथूनच सुरू होते. दांडी थोडी लांब ठेवली तर घाटातल्या वळणाला हौद्याचा कोपरा जीपच्या मागच्या दाराला लागत नाही, आणि गाडी मागं घेणं सोपं जातं. आखूड दांडीचा ट्रेलर रिव्हर्समध्ये चालकाचं डोकं फिरवतो. आणि हुक! ट्रॅक्टरची खिट्टी डांबरी रस्त्यावर ठीक. ओढ्यात जीपचं एक चाक वर आणि ट्रेलरचं दुसरं चाक खाली अशी पिळवट बसली, की खिट्टी वाकते नाही तर कडी फाटते. लष्करी गाड्यांना असते तशी फिरती कडी घ्या. खाली दोन साखळ्या, एकमेकींवर फुली मारून. कडी निसटली तर दांडी त्या साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

लष्करावरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बँटम कंपनीनं जीपसाठी पाव टनी ट्रेलर केला. त्याचा हौदा असा बंद की पाण्यात तरंगायचा. पण मला त्यातली आवडती गोष्ट वेगळीच आहे. चाकं जीपचीच, आणि दोन चाकांमधलं अंतरही जीपइतकंच. त्यामुळं जीपनं पाडलेल्या चाकोरीतूनच ट्रेलर चालतो, नवा चिखल तुडवत नाही, आणि एक स्टेपनी दोघांना चालते. तुमच्या पिकअपच्या आणि जीपच्या चाकांची भोकं जुळतात का, हे हौदा विकत घ्यायच्या आधी बघा. नंतर नाही. खरेदी झाल्यावर माझ्याकडं येऊ नका.

आता कायद्याचं. पोरांचे चेहरे इथं पडतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलंय. घरी बांधला म्हणून तो बांधकाम साहित्य ठरत नाही. नोंदणी लागते, विमा लागतो. म्हणून कापाकापी करण्याच्या आधी कराडच्या एमएच ५० च्या आरटीओ कार्यालयात जाऊन काय चालेल, काय नाही, ते विचारा. ज्या पिकअपचा हौदा घेताय, तिची नोंदणी रद्द झाली का, याचा कागद भंगारवाल्याकडून घ्या. इथून जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातनं, किकवर सुरू होणारी छोटी जीप साधारण ६० हजारांत बनवली. २०२१ च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, आणि त्याच दमात म्हणाले की नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या ही गाडी अडवली जाणार; त्यापेक्षा ती मला द्या, मी बोलेरो देतो. २०२२ च्या जानेवारीत बोलेरो आलीसुद्धा. पण प्रत्येकाला बोलेरो मिळत नाही, मंडळी. तुम्हाला पावतीच मिळेल, दंडाची.

आणि चांदोली-कोयनेच्या जंगलात परवानगीशिवाय मुक्काम ठोकायचा नाही. २०१० पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे. पठारावर कुणाच्या शेतात उतरायचं तर मालकाला आधी विचारा. तिथं काय, कसं, यावर एक वेगळंच भाषण होईल...

वेळ संपत आल्याची खूण झाली. तरी शेपूट हलायला लागलं तर काय करायचं, हे सांगितल्याशिवाय मी उठत नाही. करकचून ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर दाबून 'ओढून सरळ करतो' हेही नको. पाय हळूहळू सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, गाडी आपोआप मंदावू द्या. मग बाजूला थांबा, आणि पहिलं काम म्हणजे मागचं सामान पुढं हलवा. गाडीवान काय करायचा? सरकायचा ना पुढं? तेच. घरी आलात की पुन्हा काटा.

ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकचं राहिलंच. पिकअपच्या मागच्या चाकांना ड्रम असतातच, ते दांडीतल्या दाबावर चालवता येतात, त्यासाठी मास्टर सिलिंडर... नाही, हे आता होत नाही, दिवा लाल झालाय. ते पुढच्या वेळी. तोवर भरलेला ट्रेलर घेऊन कुंभार्ली घाटाचा उतार उतरू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.