मोबाईलवरील अ‍ॅप आणि रोजचे शिक्षण

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय आपणां सर्वांच्या खिशातील आहे. ज्या गावी अद्याप वाचनालय नाही, अशाही गावी मोबाईल पोहोचला आहे. त्यावरील अ‍ॅप बाजारभाव सांगतात, हवामान सांगतात, परभाषेतील पाटीचा अर्थही सांगतात. अशा साधनाकडे शाळेने पाठ फिरविणे शहाणपणाचे नव्हे. परंतु अ‍ॅप उघडले की शिक्षण झाले, असे मानणे म्हणजे ‘पी हळद अन् हो गोरी’ असाच प्रकार होय. यास्तव माझे सांगणे एवढेच आहे: प्रश्न मुलाच्या अनुभवातून यावा, अ‍ॅपने त्याचे उत्तर सुचवावे आणि त्या उत्तराची पारख मुलाने आपल्या डोळ्यांनी, कानांनी व हातांनी करावी. या तीन पायऱ्यांपैकी मधली तेवढी उरली, तर मूल ऐकणारे होते. शिकणारे होत नाही.

हे साधन खेड्यातील शाळेला परके आहे, असे कोणी समजू नये. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. केंद्र शासनाने २०१७ साली ‘दीक्षा’ सुरू केले. पाठ्यपुस्तकातील कोड या अ‍ॅपने टिपला असता पाठास पूरक असे साहित्य उघडते. ते आगाऊ उतरवून ठेवता येते, म्हणून जेथे जाळे मिळत नाही, तेथील शाळेचेही अडत नाही.

आता पुस्तकाबाहेरची दोन उदाहरणे घेऊ.

पहिले जमिनीच्या मोजणीचे. मोबाईल हाती घेऊन शेताच्या कडेने फिरले असता क्षेत्रफळ दाखविणारी अ‍ॅप आता शेतकऱ्यांच्या घरी दिसू लागली आहेत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात ३३ फूट बाजूचा चौरस, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर, हे आपण वर्गात शिकवितोच. मुलांकडून मैदानावर टेपने मोजून फक्कीने एक गुंठा आखून घ्यावा. मग त्याच रेषेवरून चालून अ‍ॅप काय सांगते ते पाहावे. दोन्ही आकडे बहुधा जुळणार नाहीत, आणि खरा पाठ तेथूनच सुरू होतो. उपग्रहांच्या संकेतांवरून मोबाईल आपली जागा ठरवितो व त्यात मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरांचा फरक पडू शकतो. गुंठ्याची बाजू अवघी दहा मीटर. तेथे चार मीटरांची चूक फार मोठी ठरते. पाच एकरांच्या शेतात तीच चूक प्रमाणाने लहान होते. शेकडेवारी आणि अचूकता यांचा अर्थ येथे मुलाच्या पायाखाली येतो. शिवाय बांधावरचा तंटा अशा आकड्याने मिटत नाही, त्यास भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते, हेही ते घरी जाऊन सांगू शकते.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात वीज पडून दरवर्षी माणसे व जनावरे दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे अ‍ॅप तयार केले आहे. ते आपल्या परिसरातील विजेचा इशारा देते. प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मोबाईलवर ते असावे. पण मुलांना याच्या जोडीने आणखी एक गोष्ट शिकवावी. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. पक्क्या खोलीत बसून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत व त्यांस तिनाने भागावे. बारा सेकंद भरले तर वीज सुमारे चार किलोमीटरांवर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर बाहेर पडणे धोक्याचे; शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबावे. झाडाखाली तर कदापि उभे राहू नये. जाळे गेले की अ‍ॅप मुके होते. शिकलेला भागाकार मुका होत नाही. गुरे राखणाऱ्या भावाला आणि शेतात कामाला गेलेल्या आईला हा हिशेब मुलाच्या तोंडून कळला, तर त्या दिवशीचा गणिताचा तास सार्थकी लागला.

आता एका अडचणीचा विचार करू. अनेक घरांत मोबाईल एकच असतो. तो सकाळी वडिलांबरोबर बाहेर जातो आणि दिवेलागणीला परत येतो. मग तो प्रथम मुलाच्या हाती पडतो. चुलीपाशी बसलेल्या मुलीची पाळी येईपर्यंत घरातील माणसे निजलेली असतात. आपण मोबाईलवरचा गृहपाठ दिला, तर वर्गातील ही विषमता आपल्याच हातून वाढेल. ज्यांच्या घरी मोबाईलच नाही, ती मुले दुसऱ्या दिवशी मान खाली घालून बसतील. साधन नवे असो वा जुने, ते शाळेत सर्वांचे झाले पाहिजे.

म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात, अशी माझी विनंती आहे.

१. मोबाईलविना पुरा होणार नाही, असा गृहपाठ देऊ नये.

२. पाच-सहा मुलांच्या गटास एक साधन द्यावे. ते हाताळण्याची पाळी प्रत्येकास, विशेषतः मुलींना, मिळते किंवा नाही, हे शिक्षकाने स्वतः पाहावे.

३. अ‍ॅप उघडण्यापूर्वी मुलांनी आपला अंदाज वहीत लिहावा. नंतर उत्तर व त्याची पारख लिहावी.

४. मुलांचे छायाचित्र, नाव वा पत्ता कोणत्याही अ‍ॅपला सहज देऊ नये.

५. जे समोर दिसते, त्यासाठी पडदा उघडू नये. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

शेवटी, आपणही रोज शिकत राहिले पाहिजे. ज्या दिवशी एखादे मूल ‘गुरुजी, अ‍ॅप असे सांगते, पण आम्ही मोजले ते निराळे आले’ असे म्हणेल, त्या दिवशी त्यास गप्प बसवू नका. पुन्हा मोजावयास त्याच्याबरोबर मैदानावर जा.