दोर सांभाळणारे हात



हैदराबादभोवतीचे ग्रॅनाइटचे खडक सुमारे २५० कोटी वर्षांचे आहेत. वाढत्या शहरासाठी ते फोडले जाऊ लागले, तेव्हा ते वाचवण्यासाठी १९९६ मध्ये येथील नागरिकांनी संस्था स्थापन केली. त्याच खडकांपैकी खाजागुड्याच्या टेकडीवर तरुण मुले-मुली प्रस्तरारोहणासाठी जातात. मनातील धाकधूक वाढण्याच्या वयाला हा छंद काय देऊ शकतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

किशोरवयीन मुलांची चिंता पुष्कळदा शब्दांत व्यक्त होत नाही. परीक्षेच्या सकाळी पोट दुखते, रात्री झोप लागत नाही, उत्तर ठाऊक असूनही वर्गात हात वर होत नाही. हळूहळू मूल तो प्रसंगच टाळू लागते. टाळल्याने क्षणभर हायसे वाटते, पण भीती कितपत खरी होती हे पडताळण्याची संधी हुकते आणि ती अधिक खोल रुजते. म्हणूनच मानसोपचारात मुलाला भीतीच्या विषयाकडे पायरीपायरीने, झेपेल तेवढेच नेले जाते.

खडकावर ही पायरी डोळ्यांना दिसते. पहिल्या दिवशी पुरुषभर उंची गाठून उतरले तरी पुरे. छाती धडधडते, पोटऱ्या थरथरतात. जरा थांबून श्वास सावरला की हाताशी असलेली खाच दिसू लागते. भीती असतानाही पाऊल उचलता येते, याचा अनुभव शरीराला मिळतो.

जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांनी कमी उंचीवरील, दोराविना आरोहणाला गटोपचाराची जोड देऊन नैराश्यग्रस्त प्रौढांचा अभ्यास केला. त्यांची लक्षणे कमी झाल्याचे आढळले. मात्र तो निष्कर्ष प्रौढांच्या नैराश्याविषयीचा आहे. किशोरांच्या चिंतेवर आरोहण हे औषध आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. मुलाचे शाळेत जाणे, जेवण वा झोप बिघडली असेल, तर तज्ज्ञांकडेच जावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी निःशुल्क उपलब्ध आहे.

पालकांनी विशेष लक्ष द्यावे ते खाली उभे राहून दोर सांभाळणाऱ्याकडे. चढण्यापूर्वी दोघेही एकमेकांची गाठ व हार्नेस तपासतात. दोर फार ताणला तर चढणाऱ्याची हालचाल खुंटते. फार सैल सोडला तर पडण्याचे अंतर वाढते. वरून ‘खाली घ्या’ अशी हाक आली, की वाद न घालता खाली घेतले जाते. त्या विश्वासावरच मूल पुढच्या खेपेस हातभर अधिक वर जाते. ‘शेजारची मुलगी चढली, तुला काय झाले?’ असे विचारून बळेच चढवलेले मूल मात्र खडकालाही भिते आणि विचारणाऱ्यालाही. प्रशिक्षित मार्गदर्शक, शिरस्त्राण आणि मुलाची स्वतःची इच्छा, यांपैकी एकही नसेल तर दोर बांधूच नये.

तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीच्या या नगरीत मराठी शाळेने साठ वर्षे मुलांची घरची भाषा जपली आहे. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य मूल बहुधा त्याच भाषेत प्रथम उच्चारते. ते ऐकून घेण्यास घरात कोणीतरी सवड काढावी, एवढीच या हीरकमहोत्सवी वर्षात पालकांकडून अपेक्षा.