फॉरमॅट करण्याआधी

लिनक्सवर मेमरी कार्ड उघडलं नाही की बरेच जण पहिला उपाय करतात तो फॉरमॅटचा. श्रोतेहो, हा उपाय सगळ्यात शेवटी करायचा असतो. लग्नात दिवसभर उभं राहून काढलेले फोटो किंवा जंगलातल्या कॅमेऱ्याने महिनाभर टिपलेली जनावरं पुन्हा मिळत नाहीत. कार्ड दुकानात केव्हाही मिळतं. म्हणून बिघाड नेमका कुठे आहे ते कळेपर्यंत कार्डावर काहीही लिहायचं नाही.

कार्ड उघडायला चार गोष्टी जुळाव्या लागतात. रीडरला कार्ड दिसावं लागतं, कर्नलने विचारल्यावर कार्डाने उत्तर द्यावं लागतं, पार्टिशन वाचता यावं लागतं आणि आतली फाइलसिस्टम लिनक्सला कळावी लागते. यातलं काहीही बिनसलं तरी पडद्यावर तक्रार एकच दिसते: माउंट करता येत नाही. त्यातही टर्मिनलमधला 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' हा संदेश तर तीनचार शक्यता एका दमात सांगतो आणि वाचणाऱ्याला उगाच घाबरवतो. खरी हकीकत कर्नलच्या नोंदीत असते. 'डीमेसेज' चालू ठेवून कार्ड काढावं, पुन्हा लावावं आणि त्या क्षणी कोणत्या ओळी उमटतात ते पाहावं.

एकही ओळ उमटली नाही, तर संशय आधी रीडरवर आणि अ‍ॅडॉप्टरवर घ्यावा. मायक्रोएसडीला आठ संपर्कपट्ट्या असतात. त्यातली एक मळली तरी काम अडतं. कोरड्या, मऊ कापडाने पट्ट्या पुसाव्यात आणि दुसऱ्या रीडरमध्ये लावून बघावं. रीडर फार जुना असेल तर आणखी एक अडचण संभवते. 2006 साली एसडीएचसी कार्डं आली तेव्हा कार्डावरची जागा मोजण्याची रीत बदलली: आधी बाइटने मोजत, नंतर 512 बाइटच्या ठोकळ्याने. जुन्या रीतीच्या रीडरला नवं कार्ड समजतच नाही.

लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत 'एरर -110' दिसला तर त्याचा अर्थ वेळ संपली एवढाच. कर्नलने विचारलं, कार्डाने मुदतीत उत्तर दिलं नाही. इथे फाइलसिस्टम दुरुस्त करणारं कुठलंही साधन चालवून उपयोग नाही, कारण गाडी तिथवर पोचलेलीच नसते.

'अननोन फाइलसिस्टम टाइप एक्सफॅट' हा संदेश मात्र बहुधा चांगली बातमी असते. कार्ड ठणठणीत असतं, कमतरता संगणकात असते. 2009 साली ठरलेल्या एसडीएक्ससी मानकात 32 जीबीच्या वरच्या कार्डांसाठी एक्सफॅट ही फाइलसिस्टम आली. ती मायक्रोसॉफ्टची, पेटंटात अडकलेली. त्यामुळे लिनक्सच्या कर्नलमध्ये तिला वर्षानुवर्षं जागा नव्हती. ऑगस्ट 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केला, त्याच वर्षी कर्नल 5.4 मध्ये तात्पुरता ड्रायव्हर आला आणि 2020 मध्ये 5.7 मध्ये सॅमसंगने लिहिलेला पक्का ड्रायव्हर. म्हणजे 4.15 कर्नल असलेल्या उबंटू 18.04 च्या मशीनवर 64 जीबीचं कोरं करकरीत कार्डही उघडणार नाही. तिथे एक्सफॅट-फ्यूज पॅकेज टाकलं की काम होतं. केवळ हे माहीत नसल्याने किती धडधाकट कार्डं पुसली गेली असतील, याचा विचार करूनही वाईट वाटतं.

आता खरोखर बिघडलेलं कार्ड घेऊ. 'एलएसबीएलके' या आज्ञेत कार्डाचा आकार बरोबर दिसतो, पण फाइलसिस्टमचा पत्ता नाही. अशा वेळी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरून आधी पूर्ण कार्डाची प्रतिमा घ्यावी. हा प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, खराब जागा नंतरसाठी ठेवतो आणि कुठवर आलो याची नोंद फाइलमध्ये लिहितो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. 64 जीबीच्या कार्डाला डिस्कवर साधारण तेवढीच जागा लागते, हे आधी पाहून घ्यावं.

पुढचे सगळे प्रयोग या प्रतिमेच्याही दुसऱ्या प्रतीवर. एक्सफॅटच्या रचनेत पहिले 12 सेक्टर बूटचे आणि लगेच पुढचे 12 त्यांची राखीव प्रत असते. पहिला भाग बिघडून राखीव प्रत शाबूत राहिली असेल, तर तिच्यावरून सगळं परत उभं करता येतं. तेही जमलं नाही तर क्रिस्टोफ ग्रेनिए यांचा फोटोरेक आहे. तो फाइलसिस्टमकडे पाहतच नाही. जेपीईजी फोटोच्या आरंभी येणारे ठरावीक बाइट शोधत पुढे सरकतो. फाइलींची नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, तुकड्यांत विखुरलेल्या फाइली अर्धवट येतात, पण कॅमेऱ्याने सलग लिहिलेले फोटो बरेचदा जसेच्या तसे हाती लागतात.

फोटो निघाले तरी ते कार्ड पुन्हा कामावर नेऊ नये. नवं आणलं की त्याची एफ3 या प्रोग्रामने परीक्षा घ्यावी. बाजारात 128 जीबी छापलेली, पण आत त्याच्या पाव हिश्शानेही जागा नसलेली बनावट कार्डं मिळतात. ती सुरुवातीला नीट चालतात आणि खरी जागा भरली की पुढचे फोटो गिळत जातात. एफ3 कार्ड काठोकाठ भरून परत वाचतो, म्हणून हे काम पहिल्या चित्रीकरणाच्या आदल्या रात्री लावून ठेवावं.